निळीची पुरचुंडी

१२ एप्रिल

मुली, उशिराबद्दल आधी माफी मागतो. ही वही तू जानेवारीत दिलीस आणि पहिलं पान मी आज उघडतोय. देताना म्हणाली होतीस, "बाबा, दिवसभर जी कुरकुर आईच्या कानात ओतता ती यात ओता. मी वाचणार नाही. आणि एकदा डोळे दाखवून घ्या." पहिलं काम आज सुरू केलं. दुसऱ्याचं नाव काढू नकोस. न्हाव्याला विचारलं तर केस वाढलेत म्हणतो, चष्मेवाल्याला विचारलं तर नंबर वाढलाय म्हणतो. मी सातवीपर्यंतच शिकलोय, पण एवढं मला कळतं.

लिहायला कारण मिळालं. शाळेचं काम मिळालं. दर तीन वर्षांनी शाळा बाहेरून चुन्याने पांढरी करायची, ती मीच करतो. ही दहावी खेप. यंदा मोठ्या बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "काका, झेपेल ना? तो कंत्राटदार म्हणतो, यंत्राने फवारून चार दिवसांत देतो." मी म्हणालो, "बाई, फवारतात ते औषध. भिंतीला हात लागावा लागतो." बाई म्हणाल्या, "बरं. पण बारा जूनला शाळा उघडते. तोवर पांढरीशुभ्र दिसली नाही तर पुढच्या खेपेला मी कंत्राटदाराला नाही म्हणू शकणार नाही."

माझ्या वयाचा रंगारी एकदा शिडीवरून खाली उतरला की त्याला पुन्हा कोणी वर चढू देत नाही.

जोडीला तुझा मामा आहे. म्हणजे सगळं मलाच करावं लागणार.

२२ एप्रिल

कळीचा चुना पिंपात विझवला. दुपारभर खदखदला. फडक्यातून गाळून डिंक घातला. उद्यापासून पहिला हात.

सकाळी धुकं होतं. भर उन्हाळ्यात. शिपायाला म्हटलं, "धुकं बघितलंस?" तो इकडे तिकडे बघून म्हणाला, "कुठंय काका?" नाकासमोरचं धुकं ज्याला दिसत नाही त्याच्या हातात शाळेच्या किल्ल्या आहेत.

२३ एप्रिल

चुना भेसळीचा निघाला. समोरची भिंत अर्धी झाली, वाळली, आणि बघतो तर पिवळट. जुन्या वर्तमानपत्रासारखी. मग आठवलं, आपल्याकडे नीळ आहे. पांढऱ्याचा पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ घालतात, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. फडक्यात नीळ बांधून पुरचुंडी केली आणि बादलीत दोनदा बुचकळली. फरक पडेना. मग पाचदा. मग दोरीने बांधून बादलीतच सोडून दिली. तेव्हा कुठे पांढरं दिसलं.

मेहुणा बादलीत डोकावून बघत राहिला. म्हणाला, "दाजी, नीळ बास नाही का झाली?"

मी म्हणालो, "तू ब्रश धरायला शिकलास कोणाकडून?"

"तुमच्याकडून."

"मग."

पुढे बोलला नाही. गप्प बसायलाही माझ्याकडूनच शिकला असता तर बरं झालं असतं, पण तो गुण त्याचा जन्माचा आहे.

२६ एप्रिल

चुन्याच्या दुकानदाराकडे जाऊन भांडलो. त्याने पोत्यातला चुना तळहातावर घेऊन दाखवला. म्हणे, "काका, बगळा बघा बगळा." मी म्हणालो, "बगळ्याला हळद लावलीय तुझ्या." तो हसला. म्हणाला, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं." मला कावीळ नाही, मागच्या वर्षीच रक्त तपासलंय, असं त्याला खडसावून सांगितलं. त्यावर तो आणखी हसला. गिऱ्हाइकाला हसणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. हा तीस वर्षं टिकला कसा कोण जाणे.

निळीची आणखी पाकिटं घेतली. मेहुण्याला परवा आणायला सांगितली होती, तर विसरलो म्हणाला. काल म्हणाला, दुकानात संपलीत. दुकानात फळीभर होती.

२८ एप्रिल

चिलटं. बारीक, काळी, डोळ्यांसमोर नुसती तरंगतात. डावीकडे बघावं तर डावीकडे, वर बघावं तर वर. हाताने उडवली तर जात नाहीत. शिडीवर उभा राहून फडकं फिरवलं, कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला. मेहुणा खोकून खोकून बेजार झाला, चिलटं तिथेच. त्याला विचारलं, "तुला कशी चावत नाहीत रे?" म्हणाला, "माझं रक्त कडू असेल, दाजी." खरं आहे. तुझ्या आईचंच रक्त ते.

हल्ली नवीनच खोड लागलीय त्याला. मी शिडीवर चढलो की तो आपलं काम टाकून खाली शिडी धरून उभा. मी म्हटलं, "शिडीला काय पाय फुटलेत?" म्हणाला, "जमीन उंचसखल आहे." शाळेचं पटांगण पाटासारखं सपाट आहे. काम टाळायला माणूस काय काय शोधतो.

२ मे

हे लिहून ठेवतो, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही. उन्हाळ्यात दव पडतंय.

सकाळी नऊला गेलो, भिंतीला हात लावला, ओली. तेही सगळी नाही. आदल्या दिवशी मी जेवढी केली तेवढीच ओली, बाकीची ठणठणीत कोरडी. शिपायाला दाखवलं. त्याने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने आकाशाकडे. मग शिपाई म्हणाला, "हवामान बिघडलंय काका." पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला. मी विचार केला आणि मला कारण सापडलं. ताजा चुना रात्रीची ओल ओढून घेतो. तीस वर्षांत कधी ओढली नव्हती, पण तीस वर्षांत असं हवामानही नव्हतं.

मेहुणा दुपारी जेवल्यावर व्हरांड्यात आडवा झाला तो चारपर्यंत घोरत होता. रोजचंच झालंय. हातपाय पसरून असा झोपतो की कोणाला वाटेल याने दोन माणसांचं काम केलं.

५ मे

मोठ्या बाई दुपारी बघायला आल्या. समोरची बाजू बघून म्हणाल्या, "वा, छान पांढरी झाली." मग आज सकाळी केलेल्या बाजूच्या भिंतीशी गेल्या. थांबल्या. जवळ जाऊन नाक लावलं.

"काका, हे किडे."

"चिलटं आहेत बाई. फार त्रास आहे."

"चिलटं नव्हेत, पंखांचे आहेत, भिंतीत चिकटलेत. तुम्ही त्यांच्यावरूनच ब्रश फिरवलाय. शंभर तरी असतील." मग आणखी मागे सरून म्हणाल्या, "आणि ही बाजू जरा निळसर नाही वाटत?"

मी डोळे ताणून बघितलं. भिंतीवर एक किडा असेल तर शपथ. जे आहेत ते हवेत आहेत, आणि त्यांतला एकही बाईंना दिसत नाही. मेहुणा मध्येच तोंड घालून म्हणाला, "ओला चुना असाच दिसतो बाई. उद्या वाळला की पांढरा. किडे मी झाडून घेतो." बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "बघा हं. मी उद्यापासून रजेवर आहे, पंचवीसच्या पुढे येईन."

बाईंना चष्मा आहे, पण नंबर बदलायला झालाय. तोंडावर कसं सांगणार.

९ मे

धुकं. चिलटं. दव. मेहुणा झोपलेला.

१३ मे

आज संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरच्या दिव्यांना खळी पडलेली दिसली. प्रत्येक दिव्याभोवती मोठं गोल कडं. चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो हे ऐकलंय, पण दिव्यांना पडलं की काय येतं? तुझ्या आईला खिडकीत बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मला तर दिवा दिसतोय. तुम्ही डोळ्यांचं मनावर घेणार आहात का?" मी म्हटलं, "हवामानाचं बोलतोय तर तू डोळ्यांवर कुठे जातेस?" ती म्हणाली, "हवामान माझ्या ताब्यात नाही, म्हणून."

दुसरी काळजी. चुना उरत नाही. दर खेपेला समोरची आणि बाजूची भिंत दोन हात देऊन पाच पोत्यांत होते. यंदा आठवं पोतं फोडलं. मी वाया घालवत नाही. शिपायाला चुन्याचं काही कळत नाही. राहिला कोण?

विचार मनातून काढून टाकला. तुझा मामा आळशी आहे, झोपाळू आहे, पण तसा नाही.

१६ मे

गारा पडल्या. अर्धा तास पटांगण नुसतं तडतडत होतं. मी तीन दिवस आधी सांगितलं होतं, दिव्यांना खळी आहेत. कोणी ऐकलं नाही.

गारा थांबल्यावर बाजूची भिंत बघितली. एक पोपडा उडाला होता. त्याच्या कडेला यंदाच्या चुन्याचे थर दिसत होते, बोट लावून मोजले. मी दोन हात दिले होते. थर चार निघाले. याचा अर्थ काय लावायचा कळेना. चुना फुगतो कधीकधी.

१८ मे

आज जे झालं ते लिहितो.

नववं पोतं संपलं. मेहुणा व्हरांड्यात झोपलेला. मी पायाने त्याची चटई हलवली. तो उठून बसला, डोळे लाल. मी म्हटलं, "रात्री कुठे असतोस?"

"घरी."

"मग दिवसा कसा झोपतोस?"

तो चटई गुंडाळायला लागला.

"चुना कुठे जातो?"

आता तो माझ्याकडे बघायला लागला. शिपाई घंटेखाली उभा होता, त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, "दुसरीकडे काम धरलंयस. माझा चुना नेऊन तिकडे लावतोस, म्हणून इथे झोपतोस. भिंत खराब झाली की बोलायचं म्हातारा चुकला. नाचता येईना अंगण वाकडं."

शिपाई म्हणाला, "काका, अहो, ते तर," आणि मेहुण्याने त्याला हाताने थांबवलं. "राहू दे रे."

मग त्याने नळावर हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश. ब्रश धुतला, झटकला, उन्हात उलटा ठेवला. एवढं मी त्याला बरं शिकवलंय. म्हणाला, "दाजी, मागची बाजू उरलीय. शिडी शिपायाला धरायला सांगा." आणि गेला.

खरं असतं तर भांडला असता. खोटं असतं तरी भांडला असता. हा नुसता गेला. चोर तो चोर, वर शिरजोर, असं लिहिणार होतो, पण शिरजोरी केली कुठे त्याने.

१९ मे

तुझी आई बोलत नाही. ताट पुढ्यात ठेवते आणि निघून जाते.

२१ मे

दव बंद झालं. एकदम. सकाळी भिंत कोरडी.

हवामान सुधारलं म्हणायचं. पण माणूस गेला त्याच दिवसापासून कसं सुधारलं, याचा विचार करत शिडीवर बसलो आणि चिलटं हाकलताना तोल गेला. शिपाई घंटा द्यायला गेला होता. सुट्टीत घंटा कोणासाठी देतो, त्याला विचारलं पाहिजे. खिडकीचा गज हाती लागला म्हणून हे लिहितोय. तुझ्या आईला सांगितलं नाही.

२५ मे

मागची बाजू झाली. एकट्याने. दोन पोत्यांत. बघत उभा राहिलो. दुधासारखी. आयुष्यात इतकी पांढरी भिंत केली नव्हती.

चुना पुरतो, दव पडत नाही, काम होतं. मग मला बरं का वाटत नाही?

२८ मे

मोठ्या बाई रजेवरून आल्या. समोरची बाजू बघितली, बाजूची बघितली, मान डोलावली. मी म्हटलं, "खरी मजा मागे आहे." त्यांना घेऊन मागे गेलो.

बाई दोन पावलं मागे सरल्या. मग म्हणाल्या, "काका, निळा रंग कोणी सांगितला?"

मला वाटलं थट्टा करतायत. शिपाई म्हणाला, "बाई, मी म्हटलं होतं यांना, शाळा आहे, पोहायचा तलाव नाही." मी म्हटलं, "कधी म्हटलंस?" तो म्हणाला, "मनात."

मी भांडलो. बाईंशी भांडलो, ज्यांच्याशी तीस वर्षांत आवाज चढवला नाही. हे पांढरं आहे, बाकीच्या दोन बाजूंपेक्षा पांढरं आहे, त्या तर पिवळ्या पडल्यात. बाईंनी पर्समधून रुमाल काढून भिंतीला लावला. "आता बघा." मी बघितलं. म्हटलं, "रुमाल मळलाय." बाई म्हणाल्या, "सकाळी घडी मोडलीय." त्यांनी शिपायाला वर्गातून खडू आणायला लावला. खडू पिवळा. "नवा आण." नवाही पिवळा. कोरा कागद आणला, तो पिवळा. शिपाई आपल्या चहाचं दूध घेऊन आला. मी त्या दुधाकडे बघत राहिलो.

सगळं पिवळं. रुमाल, खडू, कागद, दूध. जगात पांढरी एकटी माझी भिंत. एवढा मोठा कारागीर मी नाही.

बाईंनी खुर्ची मागवली. शिपाई शेजारी उकिडवा बसला आणि बोलला. म्हणाला, "काका, तुमचे मेहुणे पहाटे पाचला यायचे. माझ्याकडून फाटकाची किल्ली घ्यायचे. तुम्ही आदल्या दिवशी केलेलं सगळं साध्या चुन्याने पुन्हा पांढरं करायचे. किडे काडीने वेचायचे. तुम्ही नऊला यायच्या आत बादल्या धुऊन ठेवायचे. मला म्हणाले, दाजींना कळलं तर ते शिडीला हात लावणार नाहीत, आणि शिडीला हात लावला नाही तर ते जगणार नाहीत."

ते दव होतं.

२९ मे

तुझ्या आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसला असता. तुम्ही घरात बसलात की मला घराबाहेर बसावं लागतं."

मग भांडी घासता घासता पाठमोरी म्हणाली, "माझा भाऊ चोर, असं शिपायासमोर म्हणालात." पाणी चालू होतं तरी मला ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे.

३० मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरसवदा आहे. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेत. धुकं त्याचं, दिव्यांची खळी त्याची, पिवळेपणा त्याचाच. चिलटांचं वेगळं, ती डोळ्यातल्या पाण्यातली जाळी आहे, वयाने येते. म्हणजे महिनाभर मी स्वतःच्या डोळ्यातल्या जाळीला धुरी देत होतो. मी विचारलं, "आणि गारा?" ती म्हणाली, "गारा खऱ्या होत्या काका. माझ्या गाडीची काच फुटली." बरं वाटलं. काहीतरी एक खरं निघालं.

चार जूनला एक डोळा करतील. पाचला पट्टी सोडतील. महिनाभर शिडी नाही. "पुढे?" म्हटलं. ती म्हणाली, "पुढे तुम्ही भिंत बघा आणि मग ठरवा."

मोठ्या बाईंनी निरोप पाठवलाय. कंत्राटदाराला आठ जूनला बोलावलंय. त्याआधी मागची बाजू पांढरी झाली तर त्याला फाटकातूनच परत पाठवतील.

१ जून

हे पान तुला नाही, मुली. तुझ्या मामाला आहे. फाडून देणार आहे, म्हणून शिवण उसवेल, रागावू नकोस. तुझ्या आईला म्हटलं, तू फोन कर, तुझा उचलतो. ती म्हणाली, "चोर म्हणताना माझं तोंड उसनं घेतलं होतं का?" चुन्याच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, तुमचा मेहुणा पलीकडच्या गावी पुलाच्या कठड्याला रंग देतोय, उद्या आमचा टेम्पो डबे घेऊन तिकडेच जातोय. हसत होता. हसू दे.

मेहुण्या,

तुझं पत्र वगैरे काही आलेलं नाही, आणि यावं असं मी काही केलेलंही नाही. शिपायाने सगळं सांगितलं. त्याला हाताने थांबवलंस तेव्हा मी तिथेच होतो, तोही हात मला दिसला नाही.

दुसरीकडे काम धरलंयस असं म्हणालो होतो. धरलं होतंस, माझंच. ते शब्द मी परत घेतो. शिपायासमोर बोललो होतो, तर शिपायासमोरच परत घेतो. मोठ्या बाईंनाही हवं तर बोलाव.

शिडीची जमीन उंचसखल आहे, तू म्हणाला होतास तशीच. मी एकदा पडता पडता राहिलोय. बहिणीला सांगू नकोस.

आता काम. मागची बाजू निळी आहे. सगळे म्हणतात, म्हणजे असेल. आठ तारखेच्या आत ती पांढरी व्हायला हवी. चुन्याची तीन पोती व्हरांड्यात आहेत. पिंप झाकून ठेवलंय. तुझा ब्रश तू ठेवलास तिथेच उलटा आहे, कोणाला हात लावू दिला नाही. निळीची पुरचुंडी मी शिपायाकडे दिलीय आणि मागितली तरी मला देऊ नको असं बजावलंय.

एवढंच मागणं आहे. नळाच्या मागे, पुरुषभर उंचीला, एक तुकडा तसाच सोड. पाच तारखेला माझी पट्टी सुटते. मला एकदा बघायचंय, मी कशाला पांढरं म्हणत होतो आणि तू रोज पहाटे काय झाकत होतास. बघितलं की त्यावर मी स्वतः चुना मारीन. उभ्याने हात पोचतो, शिडी लागत नाही. डॉक्टरीणबाईंना तेवढं चालेल.

दवाखान्यात सोबत कोण येणार असं त्या विचारत होत्या. मी तुझं नाव सांगून बसलोय. तुला न विचारता सांगितलं, हीसुद्धा चूकच, मागच्यांत मिळव.

टेम्पोवाला उद्या दुपारी परत निघतो. येणार असशील तर त्याच्याबरोबर सांग, नसशील तरी सांग. शिव्या देणार असशील तर त्याही त्याच्याबरोबरच पाठव, मी फाटकाशी उभा असेन. फक्त गप्प राहू नकोस रे. उद्याच काहीतरी कळव.